दुसरीचा डोळा

लाँड्रीत सकाळपाळीची एकच जागा रिकामी झाली आणि ती मागणाऱ्या निघाल्या दोघी. सुपरवायझरने हात वर केले, "तुमचं तुम्ही बघा." म्हणजे चहाच्या सुट्टीत घड्यांच्या टेबलावर 'डोळा' मांडायचा, हे आलंच.

डोळ्याला लागतात तीन फासे आणि एक स्टीलची वाटी. फासे खळखळवून वाटी पालथी घालायची, पण आपण आत बघायचं नाही. आपल्या वतीने दुसरी कुणीतरी कड उचलून बघते, ती आपला डोळा. तिने एवढंच सांगायचं: "राहू दे", नाहीतर "हलव". ऐकायचं की नाही, ही आपली मर्जी. पण तिने राहू दे म्हटल्यावरही हलवायचं असेल, तर आधी वाटी उघडून सगळ्यांना दाखवायची. जिची बेरीज मोठी तिला महिनाभर ती पाळी, शिवाय हरणारीची एक सुट्टीही तिलाच.

दोघींपैकी एकीला कामाला लागून दोन महिने झाले, तरी तिला सगळ्या 'नवी'च म्हणत. दुपारी दोन ते रात्री दहा पाळी. घरी पोचेपर्यंत अडीच वर्षांची लेक झोपलेली. परवा सुट्टीच्या दिवशी लेक पडली आणि "आई" म्हणून रडत धावली ती आजीकडे. नवी हात पसरून तशीच उभी राहिली.

"नवीचा डोळा कोण?" कुणीतरी विचारलं. एकही पुढे येईना. शेवटी घडीवाल्या मावशी हात पुसत उठल्या. "मी होते गं."

मावशी म्हणजे समोर खेळणाऱ्या इस्त्रीवालीची सख्खी जाऊ!

इस्त्रीवालीचे चौदा पडले. नवीने वाटी पालथी घातली. मावशींनी कड उचलून बघितलं.

"राहू दे."

नवी त्यांचा चेहरा वाचत राहिली. भुवई हलली का जराशी? मघाशी दोघी जावांनी एक चहा वाटून घेतला होता.

"अगं, राहू दे म्हणतेय ना!"

"मावशी, जास्त बोलायचं नाही हं," कुणीतरी हसलं.

दोनदा कशाला सांगताहेत? "हलवते," नवी म्हणाली.

वाटी उघडली. सहा, सहा, पाच.

तोंडातून शब्द गेला होता, हलवणं भागच होतं. नऊ पडले.

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं कसलं? तुला एकटीलाच खेळायचं होतं, खेळलीस." मावशी चादरींच्या ढिगाकडे वळल्या. बाकीच्याही उठल्या. पुढच्या वेळी आपला डोळा कोण होईल, हे नवीने विचारलंच नाही.

मशीनच्या आडोशाला जाऊन तिने घरी फोन लावला.

"काय गं, पडलं का दान?" सासूबाईंनी विचारलं. मागे लेक खिदळत होती.

"पडलं होतं."

"म्हणजे?"

"तिला आणखी महिनाभर तुम्हीच निजवा, आई."

"बरं. बोलतेस का तिच्याशी? देऊ?"

नवीने क्षणभर ते खिदळणं ऐकलं. "नको," ती म्हणाली, "खेळतेय ती."