अब्बांनी ओळखलेला गिलावा

आमचे अब्बा, मख्लूफ अमसेल्लेम, मोरोक्कोच्या डोंगरातल्या ज्यू वस्तीतून इस्राएलमधल्या बेथ शेमेशला आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. गावी ते पाण्याच्या टाक्यांना गिलावा करायचे. इथे ती कला कुणाला नको होती, म्हणून तीस वर्षं त्यांनी कारखान्यात सिमेंटची पोती वाहिली.

शनिवारी जेवण झालं की आम्ही गावाबाहेरच्या जुन्या शहराच्या टेकाडावर जायचो. खालच्या गव्हाच्या शेतांकडे बोट दाखवून अब्बा सांगायचे, "आपले जुने शत्रू पलिष्टी, त्यांनी पळवलेला कराराचा कोश, देवाच्या आज्ञांची पेटी, परत पाठवला, तो ह्याच वाटेनं. गाडीला दोन गाई, वासरं घरी कोंडलेली. हंबरत आल्या, पण वळल्या नाहीत."

"मीही तशीच आले," आई म्हणायची. "आईला तिकडेच सोडून."



आई गेल्यावर त्या टेकाडावर खोदकाम सुरू झालं. सत्तरीचे अब्बा पहाटेच खड्ड्याच्या काठावर जाऊन बसू लागले. मी पुदिन्याचा चहा घेऊन जायची. खोदकामाची प्रमुख नोगा हाडं निवडत असायची.

"पलिष्ट्यांच्या गावात डुकराची हाडं ढिगानं सापडतात, इथे जवळजवळ नाहीतच, आपले लोक डुक्कर खात नसत," ती एकदा म्हणाली. "सरहद्द अशी कळते, काका."

"त्यात काय! शेजारी काय शिजतं ते आमच्या हिला वासावरून कळायचं," अब्बा म्हणाले.

एके दिवशी गिलावा केलेली भिंत लागली. नोगाला ते धान्याचं कोठार वाटलं. अब्बा न विचारताच खाली उतरले आणि त्यांनी हात ओला करून भिंतीवर घासला.

"चुन्यात राख आहे, पाणी झिरपू नये म्हणून. कोपरेही गोल केलेत. ही पाण्याची टाकी आहे, पोरी."

विद्यार्थी हसले. अब्बा भडकले. "हसता काय! तुमच्या वयात मी वीस टाक्या केल्या होत्या!"

नोगा मात्र हसली नाही. तिने तिथेच खोल खणायला लावलं. चौथ्या दिवशी भिंतीच्या तळाशी पहार आरपार पोकळीत गेली. आत खडकात कोरलेली मोठी टाकी होती.

नोगाने अब्बांनाच आधी शिडीवरून उतरवलं, मागोमाग मी. कंदिलाच्या उजेडात ते भिंत चाचपत गेले. एका जागी गिलावा ओला असताना उठलेले कुणाच्या तरी बोटांचे ठसे दिसले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. अब्बांनी त्यांत आपली बोटं ठेवली.

"घाईत होता बिचारा," ते पुटपुटले, गावाकडच्या बोलीत. आई गेल्यापासून ती बोली मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. मग त्यांना रडू फुटलं. मी कंदील धरून नुसती उभी राहिले.

पुढचे चार उन्हाळे ते नोगाच्या विद्यार्थ्यांना टाकीच्या डागडुजीसाठी चुना कालवायला शिकवत होते. "हळू, पिठासारखा मळा!" म्हणून त्यांचा आरडाओरडा खालच्या रस्त्यापर्यंत यायचा. घरी आले की मला विद्यार्थ्यांच्या नकला करून दाखवायचे, आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा.