जावयाने काढलेले टेकू

मुख्य सुतार एरवी कुणाचीही बिनपाण्यानं करायचा, पण जावयाला दोन शब्द सुनावायचे म्हटले की त्याची दातखीळ बसायची. जावई आठच दिवसांपूर्वी त्याच्या हाताखाली आला होता. आधी तो कपाटं-पलंग बनवायचा. हात इतका सफाईदार, की त्याच्या जोडात केससुद्धा शिरू नये. घर उभारणं मात्र निराळं. लाकडी भिंती कारखान्यातून तयार होऊन येतात, क्रेन त्या उभ्या करते आणि वर छप्पर पक्कं होईपर्यंत प्रत्येक भिंत तिरक्या टेकूंवर तग धरते. तोवर टेकूला हात लावायचा नाही, हे सुतारानं सगळ्यांना बजावलं होतं. जावयाला सोडून. एवढ्या कसबी माणसाला काय शिकवायचं, उगाच अपमान वाटायचा.

त्या सकाळी शेवटच्या भिंतीचे दोन्ही टेकू गायब होते. जावयानं ते वाटेत येतात म्हणून काढले, खिळे उपटले आणि कडेला छान रचूनही ठेवले. कोपऱ्यात चार स्क्रू आहेत म्हणजे कपाटाच्या बाजूसारखी भिंतही उभी राहणार, हा त्याचा हिशेब. सुतारानं ते पाहिलं. शेजारी क्रेनवाला आणि दोन मजूर चहा पीत होते. आपण जाऊन टेकू परत ठोकले, तर तीही चारचौघांत कानउघाडणीच. जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगू, असं ठरवून तो शिडीवर चढला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा हा शुद्ध गाढवपणा होता.

अकराला वारा सुटला. शिडीवर उभ्या सुताराला भिंतीची कुरकुर ऐकू आली. खाली त्याच भिंतीच्या पायथ्याशी जावई कानात बोळे घालून ड्रिल चालवत होता. सुतारानं दोन्ही हात वर करून क्रेन थांबवली, शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरला, धावला आणि जावयाची मानगूट धरून त्याला फरफटत बाहेर ओढलं. भिंत त्यांच्या मागे धाडकन आडवी झाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" सुतार ओरडला. "भिंत म्हणजे कपाट वाटलं काय? आणि मी तुमच्याहून शहाणा. सकाळीच पाहिलं, तरी तोंडाला कुलूप."

जावई पांढराफटक पडला होता. "मला खरंच ठाऊक नव्हतं, बाबा. विचारायची लाज वाटली. तुमच्यासमोर अडाणी कसं दिसायचं?"

सुतार तिथंच मटकन बसला. पोरीला तोंड दाखवता येणार होतं, एवढ्यानंच त्याचे डोळे भरून आले.

"भिंत काय, दुसरी येईल कारखान्यातून," क्रेनवाला केबिनमधून म्हणाला. "जावई तिथं बनत नाहीत." सगळे हसले. जावईही हसला.

मग दोघांनी उरलेल्या भिंतींचा एकेक टेकू हलवून पाहिला. जावयाचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. हा असा तिरका का, हा आधी काढला तर काय होईल, वारा किती असला की काम थांबवायचं? उत्तरं देता देता सुताराचा घसा बसला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "कसं चाललंय ह्यांचं?"

"दिवसभर डोकं खातायत नुसतं," सुतार म्हणाला. "खाऊ देत."