कॉटन म्हणतात ती मीच

मी एक जुनी सुती नऊवारी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझं अंग हिरवं होतं, आता पिकल्या पेरूच्या सालीसारखं फिकट झालंय. काठ मात्र अजून लाल आहेत आणि त्यांचा मला थोडा गर्व आहे.

माझा जन्म नगरच्या एका हातमागावर झाला. तिथून मी काष्टीजवळच्या एका वाडीत, भिमाबाईंच्या अंगावर आले. भिमाबाई कामाला वाघ. मला कासोटा मारून त्या खुरपायला जायच्या. घाम पुसायला माझा पदर, चुलीवरचं पातेलं उतरवायला माझा पदर, डोक्यावर पाटी घ्यायची तर चुंबळही माझ्याच पदराची. नातवंडं झाली तेव्हा मी झोळी झाले. मला कधी कुणी इस्त्री केली नाही आणि मीही ती मागितली नाही.

भिमाबाई गेल्या आणि त्यांची सून गोजरबाई हिने मला धुऊन ट्रंकेत ठेवलं. सासूची आठवण म्हणून ठेवलं हे खरं, पण ठेवलं ते ठेवलंच. ट्रंकेत माझ्या शेजारी आहेराच्या साड्या होत्या. तुम्हाला ठाऊक असेल, या साड्या कुणी नेसत नाही. एका लग्नात येतात आणि दुसऱ्या लग्नात जातात. तरी त्यांचा तोरा केवढा! त्यांना चुरगळ पडत नाही, म्हणून माझ्या सुरकुत्यांकडे बघून त्या हसायच्या. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गोजरबाईच्या हाताला मात्र गोधडीचे टाके फार सुरेख. आजवर तिने घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठीच गोधड्या शिवल्या होत्या. तिची सून स्नेहल हिने त्यांचे फोटो मोबाईलवरून चार ओळखीच्यांना पाठवले. फिरत फिरत ते नगरच्या रेश्मा नावाच्या बाईपर्यंत पोचले. तिला नुकतंच बाळ झालं होतं. बारशाला बाळाखाली घालायला एक लहान गोधडी हवी, आणि ती कॉटनचीच हवी, असं तिने कळवलं.

परक्या माणसाने मागितलेली गोजरबाईची ही पहिलीच गोधडी. ती पसंत पडली तर सासू-सुनेचा स्वतःचा धंदा उभा राहणार होता. नाही पडली तर सगळंच मुसळ केरात. गोजरबाई इतकी हुरळली, की स्नेहलला काही न विचारता बाजाराच्या दिवशी एकटीच काष्टीला गेली.

आता तिची समजूत ऐका. शाळेतल्या बाई कडक खळीच्या साड्या नेसून यायच्या आणि बायका म्हणायच्या, बघा, कॉटन नेसलंय. तेव्हापासून कॉटन म्हणजे काहीतरी कडक, नवंकोरं, शिकलेल्या माणसांचं कापड, असं गोजरबाईने मनाशी धरलं होतं. बाजारात तिने दुकानदाराला कॉटन मागितलं. त्यानेही बदकांच्या चित्रांचं एक कडक कापड पुढे टाकलं आणि कॉटनच आहे म्हणाला. गोजरबाई खूश होऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तापवता तापवता ती चुलीजवळच टाके घालत बसली. चुलीत उसाचं पाचट होतं. पाचट जळताना ठिणग्या फार उडतात. एक ठिणगी तिच्या मांडीवरच्या त्या बदकांच्या कापडावर पडली. कापड पेटलं नाही. ते आक्रसलं, वितळलं, आणि भोकाच्या कडेला काळा टणक मणी झाला. वास तर प्लास्टिकची बादली जळाल्यासारखा.

सुती कपड्यावर ठिणगी पडली की काय होतं, हे गोजरबाईने जन्मभर पाहिलं होतं. तिने ट्रंक उघडली आणि माझ्या विरलेल्या टोकाचा एक धागा ओढून चुलीला लावला. मी जळाले कागदासारखी. राख झाली ती तिच्या चिमटीत पिठासारखी विरली. मग तिने एका आहेराच्या साडीचाही धागा लावून पाहिला. तिचाही मणीच झाला. त्या दिवसापासून ट्रंकेतला तोरा उतरला, हे मी जरा आनंदानेच सांगते.

तिने स्नेहलला हाक मारून मणी दाखवला आणि कॉटन असं कसं वितळलं म्हणून विचारलं. स्नेहल सासूला आत्या म्हणते. ती म्हणाली, “आत्या, कॉटन म्हंजी दुसरं काय न्हाई. आपलं सुतीच.”

जे आपण जन्मभर नेसलो, तेच दुकानात शोधत फिरलो, म्हणून आधी गोजरबाई पोट धरून हसली. मग तिचा चेहरा उतरला. बारसं अगदी तोंडावर आलेलं, पुढचा बाजार त्यानंतरच. घरातली बाकीची सुती लुगडी तिने कधीच गोधड्यांत घातली होती. उरले होते ती मी एकटी. मला कापावं तर सासूची शेवटची खूण जाणार, आणि परक्या बाईला जुनेर द्यायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. न सांगता बदकांचीच गोधडी धाडून द्यावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं असेल. पण बाळाचं कोवळं अंग तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिने स्नेहलला रेश्माचा फोन लावायला सांगितला.

तिने सगळं खरं सांगितलं. घरात जुनं सुती लुगडं आहे, चालेल का, म्हणून विचारलं. तिकडे रेश्माच्या आईने फोन घेतला. त्या म्हणाल्या, की तान्ह्या बाळाला जुनेरच मऊ लागतं, फक्त ते नेसणारी बाई कशी होती तेवढं सांगा.

गोजरबाईने माझ्या काठावरून हात फिरवला. “माजी सासू हुती,” ती म्हणाली. “लई भांडायची. पर दारातनं कुनाला उपाशी जाऊ दिलं न्हाई.”

“मग तेच द्या,” तिकडून उत्तर आलं.

कात्री लागली तेव्हा मी भ्याले, मित्रांनो. पण गोजरबाईचा हात हलका होता. माझे थर एकावर एक बसले, लाल काठ चारही बाजूंनी लागले, आणि उरलेला पदराचा तुकडा तिने कपाळाला लावून परत ट्रंकेत ठेवला. बदकांचं कापड आता ट्रॅक्टरच्या सीटवर आहे आणि तिथे ते शोभतंही. मी मात्र ओळखीच्या टेम्पोतून थेट नगरला बारशाला गेले.

उपदेश करायचा माझा स्वभाव नाही, तरी एक ऐका. कापड घेताना त्यावरच्या बदकांना भुलू नका, सूत विचारा. जुनं सुती कापड फेकायच्या आधी एकदा गालाला लावून बघा. आणि एखादा शब्द कळला नाही तर विचारा, लाजू नका.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी रेश्माचा फोन आला. ती ओशाळली होती. एवढी सुंदर गोधडी, आणि बाळाला पाळण्यात घालताच त्याने ती भिजवली, असं तिने सांगितलं.

गोजरबाईने घाईने विचारलं, “खालची गादी भिजली का वं?”

रेश्मा नाही म्हणाली. थेंबही खाली उतरला नव्हता.

“मग घाबरू नका बाई,” गोजरबाई म्हणाली, “कॉटनच हाय.”