दोघांच्या वजनाची चेन

"हळूहळू फिरव," हरिदास म्हणाला. चाक फिरेना, म्हणून त्याने मान वर केली. रुखमा मागच्या चाकाला हात लावून नुसतीच बसली होती. तिला दम लागला होता.

"राहू दे, मी करतो."

"फिरवून राह्यली ना. तुमी तेल सोडा."

मोटारसायकलच्या चेनला तेल देणं हे त्या घरात नवराबायकोचं काम. गाडी मेन स्टँडवर चढवायची, बायकोने चाक फिरवायचं, नवऱ्याने डिझेलच्या फडक्याने चेनवरचा काळा चिकटा पुसायचा, मग तेल थेंबथेंब सोडून जास्तीचं पुन्हा पुसायचं. घुग्घुसमध्ये एवढी उस्तवार करतो कोण? वर्कशॉपमधून जळकं ऑइल आणायचं, चेनवर ओतायचं आणि ड्युटीला पळायचं, झालं. त्या ऑइलवर कोळशाची धूळ बसते आणि चेन खाऊन टाकते. हरिदासचीही एकदा दोघं गाडीवर असताना तशीच तुटली होती. रुखमा तेव्हा पडोलीपासून पायी आली आणि घरात शिरल्याशिरल्या तिने ऑइलचा डबा नालीत रिकामा केला. तेव्हापासून ही रीत.

चेनवरची धूळ अशी पुसून निघत होती. रुखमाच्या छातीत बसलेली काही निघेना. इथून हलवा, पुन्हा या धुळीत आणू नका, डॉक्टरांनी सरळच सांगितलं. लेक मोनाली पोंभुर्ण्याला दिलेली, घरामागे जंगल, हवा चांगली. उद्या तिथे नेऊन सोडायचं होतं. हरिदास रेल्वेच्या कोळसा सायडिंगवर चौकीदार. नोकरी सोडली तर औषधाचं काय, म्हणून त्याला इथेच राहणं भाग होतं.

तेल झालं तशी रुखमा म्हणाली, "आता जरा कसून घ्या. येताना एकलेच रायसान."

गाडीवर दोघं बसले की चेन ताणली जाते, म्हणून हरिदास ती आधीच ढिली ठेवायचा. एकटा असला की ती कव्हरवर आपटून खडखडायची. कोपऱ्यावरचा मिस्त्री नवाब त्या आवाजावरून त्याला चिडवायचा. हरिदास म्हणायचा, "घरवाली बसली का गप्प होते."

"दोघांचीच ठेवतो," तो आता म्हणाला आणि पाना ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी चेन पोंभुर्ण्यापर्यंत गप्प होती. रुखमा मध्येमध्ये त्याच्या पाठीवर डोकं टेकवत होती. मोनालीने जेवू घातलं. निघताना रुखमा फाटकापर्यंत आली.

"रविवारी तेल द्याल," ती म्हणाली. "नाईतर द्याल ठेवून तसंच."

"देतो ना."

परत येताना वाटभर चेन खडखडत होती. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज, पण त्या दिवशी त्याला तो सोसवेना. घरी जाऊन कुलूप काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो नवाबच्या दुकानाशी थांबला.

"सोडून आले भाभीले?" नवाबने विचारलं.

"हो."

"मग आता तरी कसून देऊ काय भाऊ? एकलेच हाव. ऐसेच चलाओगे तर चेन खराब होईन." नवाब पाना घेऊन बसलासुद्धा.

हरिदासने वाकून त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. ती आली का पुन्हा ढिली करा लागन."

डॉक्टर काय म्हणाले ते नवाबला ठाऊक होतं. त्याने पाना पुसून पेटीत टाकला आणि चहा सांगितला.

रविवारी हरिदासने गाडी अंगणात स्टँडवर चढवली. रुखमाच्या जुन्या लुगड्याचं फडकं डिझेलमध्ये बुडवलं, चेनपाशी उकिडवा बसला.

"हळूहळू फिरव," तो सवयीने म्हणाला. मग डावा हात लांब करून त्याने स्वतःच चाक फिरवलं.