बिनबाकांच्या शाळेची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी. ज्या शाळेसाठी मला मागावर विणलं, ती शाळा आता बंद आहे.

गडमुडशिंगीजवळच्या एका वस्तीवर ती होती. सरकारीच, पण तऱ्हा निराळी. बाकं नव्हती, इयत्ता नव्हत्या. लहान-मोठी पोरं माझ्यावर गोल बसायची आणि त्यांच्यातच त्यांच्या बाई, संयोगिताताई. कुणी वाचताना अडखळलं, तर सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची. तेजस्वी फार अडखळायची. शब्दापाशी घोडं अडलं की माझ्या दशा ओढत बसायची. माझी एक कड तिनंच उसवली. पण एका सकाळी तिनं अख्खं पान वाचलं, तेव्हा मला त्या उसवल्या कडेचाही अभिमान वाटला.

तिथला आणखी एक नियम होता, सुरू झालेला धडा मोडायचा नाही. तोच आमच्या मुळावर आला. पटपडताळणीला साहेब आले, तेव्हा ताई सगळ्या पोरांना घेऊन ओढ्याचं पाणी मोजायला गेल्या होत्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या राजमतीमावशी तेवढ्या होत्या.

"पोरं कुठायत?"

"वड्याला गेल्यात, सायेब. धडा चाललाय. मधनं बोलवायचं न्हाय, असं ताईंनी सांगितलंय."

साहेब बुटांसकट माझ्यावर उभे राहिले, रिकामी खोली पाहिली आणि निघून गेले. मावशींनी एक हाक मारली असती, तर पोरं धावत आली असती. पट आधीच कमी होता. पुढच्या जूनमध्ये दाराला कुलूप लागलं.

पोरं आसपासच्या शाळांत वाटली गेली. मी वस्तीच्या मंडळाकडे आले. तेजस्वीला वयाप्रमाणे सातवीत बसवलं. ती वाचताना थांबली की वर्ग हसायचा. दिवाळीनंतर ती शाळेत गेलीच नाही. मला झटकताना मावशी हे कुणाला तरी सांगत होत्या. ऐकून फार वाईट वाटलं.

परवा तेजस्वीच्या भाच्याचं बारसं होतं, म्हणून मला तिच्या घरी अंथरलं. चष्मा विसरून आलेल्या शेजारच्या गणपतरावांनी तिच्यापुढं एक लग्नपत्रिका धरली.

"वाच की पोरी, कुठल्या गावाला हाय लगीन?"

तिनं पत्रिका हातातही घेतली नाही.

"मला वाचाय येत न्हाय."

येत होतं, मित्रांनो. माझ्यावर बसूनच तिनं वाचलं होतं. पण सतरंजीची साक्ष कोण काढणार?

मला झटका, नका झटकू, उंदरांनी कुरतडलं तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या वर्गातलं कुणी यायचं थांबलं, तर त्याच्या घरी जाऊन एकदा विचारा. तेजस्वीच्या घरी कुणीच आलं नव्हतं.