कार्बनच्या सायकलला स्टँड

मी सायकल बोलतेय. बिबवेवाडीतल्या एका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. डोंगरउतारावर दगडधोंड्यांतून धावायला माझा जन्म झाला, आणि आठवड्याचे सहा दिवस माझ्या हँडलवर या घरची पायपुसणी वाळतात. असो.

माझा सांगाडा कार्बनचा आहे. हे ऐकल्यावर प्रत्येक पाहुणा विचारतो, "म्हणजे प्लास्टिक?" नाही हो! केसाहून बारीक धाग्यांचं कापड, त्याचे थरावर थर, त्यात राळ मुरवायची आणि साच्यात घालून भाजायचं. जिथे जोर येतो तिथे थर जास्त, इतरत्र कमी. म्हणून मी हलकी. माझा मालक आमोद मला खांद्यावर टाकून जिना चढतो. मी गंजत नाही. दगडांचे बारीक हादरे मी अंगातच जिरवते, त्याच्या मनगटापर्यंत जाऊ देत नाही. खड्ड्यात चाक उसळलं तरी माझा सांगाडा पिळवटत नाही, त्यामुळे शॉकॲब्सॉर्बरला आपलं काम नीट करता येतं. एवढं सगळं आमोद जीव तोडून सांगतो, आणि पाहुणा म्हणतो, "पण घंटी का नाही?"

यात सगळ्यांत पुढे आमोदचे वडील, बद्रीनाथराव. कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मी घरात आले त्या दिवशी त्यांनी माझ्या सीटवर तळहात दाबला. मागच्या चाकालाही शॉकॲब्सॉर्बर आहे, मी खाली बसणारच. तर म्हणाले, "ही ढिली आहे. बदलून आण."

"बाबा, ती तशीच असते."

"असेल. मी आपलं सांगितलं."

माझ्यावर संकट आलं ते मात्र भिंतीवरून. मला स्टँड नाही, मी भिंतीला टेकून उभी असते. एक दिवस आमोदच्या आईने, मंदाकिनीबाईंनी, नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा बघा हे डाग. रंग देऊन वर्षसुद्धा झालं नाही."

झालं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी बद्रीनाथरावांनी लोखंडी पट्टी कापली, वाकवली, कानशीने घासून गुळगुळीत केली आणि तिचा स्टँड बनवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसणार, मग त्यांना हात लावायचा नाही, म्हणून काम त्याच संध्याकाळी उरकायचं होतं. काम सुबक होतं, हे मी मान्य करते. फक्त ती पट्टी त्यांनी माझ्या मागच्या चाकाजवळच्या दांड्याला लावली आणि पान्याने आवळायला सुरुवात केली. मी मोठ्या ताकदीचे धक्के सोसते, पण एका जागी लोखंडाने आवळलेलं मला सोसत नाही. हे माझ्यासोबत आलेल्या माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलंय. ते पुस्तक कपाटावर धूळ खात पडलंय.

"किती आवळायचं ते हाताला कळतं," असं पुटपुटत त्यांनी आणखी अर्धा फेरा दिला.

कट् असा आवाज झाला.

त्यांनी पट्टी सोडवली. दांड्यावर बोटभर तडा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, दाराकडे पाहिलं आणि तडा झाकेल अशी लाल रेडियमची पट्टी चिकटवली. मला बोलता आलं असतं तर अख्खी सोसायटी गोळा केली असती.

"हे काय लावलंत?" आमोदने विचारलं.

"मागून गाडीवाल्यांना दिसावं म्हणून."

"डोंगरात कुठल्या गाड्या, बाबा?" तो हसला आणि आत गेला. दसऱ्याला सकाळी तो कात्रजच्या मागच्या टेकडीवरून उतरणार होता. तो उतार मला पाठ आहे. त्यातली एक उडी जरी माझ्या त्या दांड्यावर आली असती, तरी मी तुटले असते आणि तो तोंडावर आपटला असता.

खंडेनवमीला बद्रीनाथरावांनी पाना पाटावर मांडला. त्याला कुंकू लावताना त्यांचा हात थबकला. म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. तरी गप्प!

दसऱ्याच्या सकाळी आमोद गॅलरीत आला तर माझ्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. कुणी सोडली होती ते मी सांगायला नको. आमोदने मुकाट्याने पंप काढला आणि हवा भरली.

"आज नको जाऊस," बद्रीनाथराव म्हणाले.

"का?"

"सणाचा दिवस आहे."

"दहापर्यंत येतो की परत." त्याने हेल्मेटचा पट्टा लावला आणि मला दाराबाहेर काढलं. मी मनातल्या मनात बद्रीनाथरावांना नाही नाही ते बोलले.

मग ते अनवाणीच बाहेर आले, गुडघे धरत माझ्यापाशी बसले आणि रेडियमची पट्टी ओढून काढली.

"मी आवळलं. आवाज आला, तेव्हाच मला कळलं होतं."

आमोदने तड्यावरून बोट फिरवलं. "परवापासून?"

"हो."

"मी त्या उतारावर निघालो होतो, बाबा."

"म्हणून तर आलो बाहेर," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मला कात्रजच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या रुपालीने तड्याभोवतीचा भाग घासून घेतला आणि कार्बनचं कापड एकावर एक बसवायला घेतलं. "काका, हिचा हाच फायदा. जागच्या जागी थर चढवता येतात. ॲल्युमिनियमची असती तर सांगाडाच बदलावा लागला असता." काकांनी तीन तास हात मागे बांधून पाहिलं. शेवटी तिने त्यांच्या हातात एक पाना दिला. ठरवून दिलेला जोर झाला की तो टक् करतो.

"हाताला नाही कळत?" त्यांनी विचारलं.

"मलाही नाही कळत, काका."

मी तयार झाल्यावर ती म्हणाली, "वरून रंग देते, जोड दिसणारसुद्धा नाही." आमोद हो म्हणायच्या आत बद्रीनाथराव म्हणाले, "नको. दिसू दे."

आता मी पुन्हा गॅलरीत आहे, मागच्या दांड्यावर काळा जोड घेऊन. हे काय झालं, असं पाहुण्याने विचारलं की बद्रीनाथराव सांगतात, "मी तोडली होती." प्रत्येकाला सांगतात, आणि दर वेळी त्यांचा चेहरा तसाच पडतो.

मी वस्तू आहे, मला तोंड नाही. दोन दिवस तो तडा घेऊन उभी होते आणि ओरडता येत नव्हतं. तुम्हाला येतं ना बोलता? मग तुमच्या हातून काही तुटलं असेल आणि त्याच्यावर भरवसा ठेवून घरचं कुणी निघालं असेल, तर चाकातली हवा सोडत बसू नका. तो जिना उतरायच्या आत सांगून टाका.