चौकशी खिडकी

आकांक्षाला अ‍ॅस्पर्गर नावाचा ऑटिझमचा प्रकार आहे, हे डॉक्टरांनी तिशीत सांगितलं. डिलाईल रोडच्या चाळीने त्याच्या कितीतरी आधी तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवून टाकलं होतं.

शेजारचे लवूकाका कामाला होते ते शिवडीचं गोदाम दिवाळीतच बंद पडलं, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. तरी काका रोज सव्वाआठला डबा घेऊन निघत आणि लोक ‘निघालात?’ म्हणत बाजूला होत. आकांक्षाला मात्र महिनाभर चैन नव्हतं. नखं कुरतडून झाली, गॅलरीत येरझारा घालून झाल्या.

“आई, काका जातात कुठे?”

“तुका काय करूचा?” सुभद्राबाई खेकसल्या.

“मला कळायला हवंय,” ती म्हणाली, कारण आईने विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काकांना जिन्यातच गाठलं. “गोदाम बंद आहे. मग तुम्ही जाता कुठे?”

गॅलरीतले सगळे जिन्याकडे वळले. काकांनी मान खाली घातली. “कुठेच नाही.”

आईने मागून दंड ओढला. पण आकांक्षाला ते उत्तर अर्धंच वाटलं.

“मग डबा कुठे बसून खाता?”

काका पायरीवर टेकले. डबा मांडीवर घेऊन जरा सरकले आणि तिला जागा करून दिली.